पहिले गिऱ्हाईक कोण?
(उद्योजकता परिषदेला गेलेल्या एका विद्यार्थिनीच्या वहीतून)



आपल्या कार्यक्षेत्रात आता असे घर विरळाच, की ज्या घरातला एखादा मुलगा किंवा मुलगी कॉलेजात शिकत नाही. ही आनंदाची गोष्ट आहे. पण शिक्षण संपत आले की घरोघर एकच प्रश्न उभा राहतो. नोकऱ्या थोड्या, आणि जमिनीचे तुकडे पडत चाललेले. आजोबांची बारा एकर होती, ती वडिलांच्या वाटणीला चार आली, आणि मुलांत वाटली तर दोन-दोनच येते. मग मुले म्हणतात, "आम्ही धंदा काढतो." आणि वडील सात-बाराचा उतारा घेऊन बँकेची पायरी चढतात.

धंदा जरूर काढावा. परंतु तो काढण्यापूर्वी कोणता अभ्यास करावा, हे या लेखात मांडावयाचे आहे. त्यासाठी आपल्याच एका सभासदाच्या मुलीचे उदाहरण घेतले आहे. ती कृषी पदवीच्या तिसऱ्या वर्षाला असताना, २०२४ च्या फेब्रुवारीत, पुण्यात विद्यार्थ्यांसाठी भरलेल्या दोन दिवसांच्या उद्योजकता परिषदेला गेली होती. तेथे जे पाहिले, ऐकले आणि नंतर गावात येऊन जे केले, ते सर्व तिने एका वहीत लिहून ठेवले आहे. तिच्या व तिच्या वडिलांच्या संमतीने त्यातील उपयोगाचा भाग येथे देत आहे. नावे मुद्दाम घातलेली नाहीत. आपण नावापेक्षा हिशेबाकडे लक्ष द्यावे.

मूळ बेत काय होता?

मुलीच्या वडिलांची साडेतीन एकर बागायत. मुलीच्या मनात ऊस रोपवाटिका काढायची होती. कल्पना चांगलीच आहे. दोन डोळ्यांची टिपरी लावायची म्हटले तर एकरी दोन ते अडीच टन बेणे मातीत जाते. एक डोळ्याच्या रोपांना बेणे फार थोडे लागते, नांग्या कमी पडतात, आणि रोपे तयार होईपर्यंत पाच-सहा आठवडे रान मोकळे मिळते. त्यामुळे रोपांना मागणी वाढत आहे, हे आपण सर्वजण पाहतोच.

बेत मात्र मोठा होता. दहा गुंठ्यांवर शेडनेट, एका वेळी एक लाख रोपे, खर्च सहा लाख रुपये. वडिलांनी कर्जासाठी कागद गोळा करायला सुरुवातही केली होती. मुलगी परिषदेला गेली ती या बेताला कुणी भांडवल देईल का, ते पाहायला.

परिषदेत काय पाहिले?

वहीतली पहिली दोन पाने नुसत्या नव्या शब्दांनी भरलेली आहेत. स्टार्टअप, फंडिंग, इन्क्युबेशन, पिच. मोठा थंड हॉल, निम्मी भाषणे इंग्रजीत, आणि गळ्यात नावाची पट्टी अडकवलेली शेकडो मुले. "पहिल्या दोन तासांत वाटलं, आपण चुकून दुसऱ्याच्या लग्नाला आलोय," असे तिने प्रामाणिकपणे लिहिले आहे.

भाषणांविषयी तिने एक निरीक्षण नोंदवले आहे, ते विचार करण्याजोगे आहे. दोन दिवसांत दहा वक्ते बोलले. त्यांतल्या नऊ जणांनी आपला धंदा कसा वाढला ते सांगितले. फक्त एकाने आपला पहिला धंदा का बुडाला ते सांगितले, आणि तिने सर्वांत जास्त टिपणे घेतली ती त्याच्याच भाषणाची. शेतीची छोटी यंत्रे बनवणारा तो माणूस होता. माल चांगला होता, खपतही होता. परंतु निम्मा माल उधारीवर गेला आणि वसुली येईपर्यंत कच्च्या मालाला पैसा उरला नाही. तो म्हणाला, "माझा धंदा तोट्यानं मेला नाही, उधारीनं मेला."

सभासदांनी हे ध्यानात घ्यावे, की अशा व्यासपीठावर ज्यांचे जमले त्यांनाच बोलावतात. ज्यांचे जमले नाही ते घरी बसलेले असतात. ऊस स्पर्धेत एकरी शंभर टन काढणाऱ्याचा सत्कार होतो, पण पन्नास टनांवर अडकलेल्याला 'का अडकलास' म्हणून आपण कधी व्यासपीठावर बोलावतो काय? दोघांकडूनही शिकायला मिळते.

दुसरी शिकवण तिला जेवणाच्या रांगेत मिळाली. गुळाची पावडर करून पुड्यांत विकणारा एक मुलगा तिच्या पुढे उभा होता. त्याचा माल शहरातील दुकानांत जात होता, पण दुकानदार पैसे दोन महिन्यांनी देत होते. गुऱ्हाळवाल्याला मात्र रोख मोजावे लागत. "माल विकला गेला म्हणजे पैसे आले असं नाही," हे वाक्य तिने वहीत चौकटीत लिहिले आहे.

परीक्षकाचा एक प्रश्न

दुसऱ्या दिवशी मुलांना आपापल्या धंद्याची कल्पना पाच मिनिटांत मांडायची होती. यालाच ते पिच म्हणतात. आपल्या मुलीने एक लाख रोपांचा बेत मांडला. तक्ते चांगले होते. उसाखालचे क्षेत्र, एकरी रोपे, शेडनेटचा नकाशा, सगळे होते. मांडून झाल्यावर परीक्षकांपैकी एका बाईंनी विचारले :

"तुझं पहिलं गिऱ्हाईक कोण?"

"आमच्या तालुक्यातले सगळे ऊस उत्पादक," मुलीने उत्तर दिले.

"सगळे नको. एकाचं नाव सांग. आणि तो किती रोपं, कोणत्या तारखेला, काय दरानं घेणार, तेही सांग."

तिला सांगता आले नाही. बाई रागावल्या नाहीत. त्या एवढेच म्हणाल्या, की सहा लाख उभे करण्याआधी सहा माणसे उभी कर. बक्षीस मिळाले नाही, भांडवलही मिळाले नाही. पण माझ्या मते परिषदेचे सगळे भाडे त्या एका प्रश्नात वसूल झाले. कारण गावी आल्यावर तिने पहिले काम केले ते वडिलांना कर्जाचे कागद थांबवायला सांगण्याचे.

वडिलांना ते रुचले नाही. ते माझ्याकडे येऊन म्हणाले, "साहेब, पोरगी पुण्याला हुशार व्हायला गेली आणि भिऊन आली." त्यांना सांगितले, की आबा, ही भीती नव्हे, हा अभ्यास आहे. तिला दोन महिने द्या.

गावातली चौकशी

या दोन महिन्यांत सुट्टीच्या दिवशी ती आपल्या व शेजारच्या गावातील १५ ऊस उत्पादकांच्या घरी गेली. पूर्वहंगामी लागणीसाठी रोपे घेणार का, म्हणून विचारले. १५ पैकी ९ जण म्हणाले, "घेऊ की, आपलीच पोरगी आहेस." येथे कुणीही खूश झाले असते. परंतु तिने पुढचा प्रश्न विचारला : "मग एकरी पाचशे रुपये विसार देता का? पावती देते."

नऊपैकी तिघांनीच विसार दिला. एकाने एक एकराचा, दुसऱ्याने एक एकराचा, तिसऱ्याने दोन एकरांचा. एकूण चार एकर.

बाकीचे सहा जण खोटे बोलले असे कुणी समजू नये. तोंडाने 'हो' म्हणणे हा आपल्याकडे माणुसकीचा भाग आहे. दारी आलेल्या मुलीला 'नाही' कोण म्हणणार? पण माणुसकीच्या 'हो'वर ट्रे भरता येत नाहीत. धंद्याचा 'हो' तो, ज्याच्याबरोबर विसार येतो.

आता हिशेब पाहा. पाच फुटी सरी आणि दोन फुटांवर एक रोप धरले, तर एकराच्या ४३,५६० चौरस फुटांत ४,३५६ रोपे बसतात. म्हणजे एक लाख रोपे खपवायला जवळजवळ २३ एकरांचे गिऱ्हाईक पाहिजे. तिच्या हातात होते चार एकरांचे. कर्ज काढून सहा लाखांची शेडनेट उभी केली असती, तर वर्षाला अकरा टक्क्यांनी ६६,००० रुपये, म्हणजे महिन्याला साडेपाच हजार रुपये नुसते व्याज सुरू झाले असते. गिऱ्हाईक येवो न येवो, व्याज रोज येते. ते रविवारीही थांबत नाही.

वीस हजार रोपांचा हिशेब

चार एकर गिऱ्हाइकांचे आणि अर्धा एकर घरचे, असे साडेचार एकर धरून तिने २०,००० रोपांचा बेत केला. घरच्या अर्ध्या एकराची रोपेसुद्धा वडिलांना पावती करून विकायची, फुकट द्यायची नाहीत, असे तिने ठरवले. हे फार महत्त्वाचे आहे. घरी फुकट गेलेला माल हिशेबात दिसत नाही, आणि मग धंदा चालतो की नाही हेच कळत नाही.

खालील आकडे तिच्या वहीतील आहेत. प्रत्येक गावी मजुरी व दर निराळे असतात, म्हणून आपण आपले आकडे घालावेत. रीत मात्र हीच ठेवावी.

लावलेला प्रत्येक डोळा उगवत नाही. शंभरात ८० रोपे विकण्याजोगी मिळतील असे धरले, तर २०,००० रोपांसाठी २५,००० डोळे लावावे लागतात. खर्च २५,०००वर होतो, पैसे २०,०००चेच येतात.

चालू खर्च (एका खेपेचा) :
१) बेणे मळ्यातील दहा महिने वयाचे बेणे, सुमारे २ टन – ८,००० रु.
२) डोळे काढणे, बेणेप्रक्रिया व ट्रे भरणे, मजुरी – १०,००० रु.
३) कोकोपीट – ७,५०० रु.
४) औषधे, जिवाणू खते, विद्राव्य खते – २,५०० रु.
५) सहा आठवडे पाणी व देखरेख – ६,००० रु.
एकूण ३४,००० रु.

एकदाच करावयाचा खर्च :
१) बांबू व हिरव्या जाळीचा दीड गुंठ्याचा मांडव – १८,००० रु.
२) ४२ कप्प्यांचे ट्रे ६०० – ९,००० रु.
३) डोळे काढण्याचे हातयंत्र – ३,००० रु.
एकूण ३०,००० रु.

हे तीस हजार तीन खेपांवर वाटले, तर प्रत्येक खेपेवर १०,००० रुपये येतात. म्हणजे एका खेपेचा खरा खर्च ४४,००० रुपये.

पुष्कळजण येथेच फसतात. मांडव नि ट्रे घेतलेले असतात, पैसे देऊन झालेले असतात, म्हणून ते हिशेबात धरत नाहीत. ट्रे फाटले, जाळी उसवली, की नवे घ्यायला पैसे नसतात. बैल म्हातारा होणार हे धरूनच शेतकरी गोऱ्हा सांभाळतो, तसेच हे आहे.

रोपाचा दर अडीच रुपये धरला. आता तीन प्रकारे हिशेब करू :

• शंभरात ९० रोपे मिळाली, तर २२,५०० रोपांचे ५६,२५० रुपये. नफा १२,२५० रुपये.
• शंभरात ८० मिळाली, तर २०,००० रोपांचे ५०,००० रुपये. नफा ६,००० रुपये.
• शंभरात ७० मिळाली, तर १७,५०० रोपांचे ४३,७५० रुपये. तोटा २५० रुपये.

४४,००० रुपयांना अडीचने भागले तर १७,६०० येतात. १७,६०० रोपे विकून पैसे हातात येईपर्यंत एक पैसाही नफा नाही. याला 'ना नफा ना तोटा' बिंदू म्हणतात. आणि विसार आलेल्या चार एकरांची रोपे होती १७,४२४. म्हणजे नुसत्या गिऱ्हाइकांच्या जोरावर ती बिंदूच्याही १७६ रोपे खाली होती. घरचा अर्धा एकर धरला तेव्हा ती कशीबशी वर आली. ही गोष्ट आधी कळणे आणि कर्ज काढल्यावर कळणे, यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे.

याच हिशेबातून शेतीशास्त्राचेही महत्त्व कळते. ९० आणि ७० टक्के उगवण यांत साडेबारा हजारांचा फरक पडतो. हा फरक कशाने पडतो? बेण्याच्या वयाने, बेणेप्रक्रियेने, आणि पाण्याच्या शिस्तीने. जुन्या खोडव्याचे बेणे स्वस्त मिळते म्हणून आणले, तर दोन हजार वाचतील आणि दहा हजार जातील.

उधारीचेही तसेच. "ऊसबिलावर देतो," असे म्हणून कुणी पाच हजार रोपे नेली, तर १२,५०० रुपये अडकले. पूर्वहंगामी ऊस ऑक्टोबरात लावला तर तुटायला चौदा-पंधरा महिने लागतात. संपूर्ण खेपेचा नफा सहा हजार, आणि एका माणसाकडे अडकले साडेबारा हजार. दुसरी खेप कशाच्या जोरावर भरणार? म्हणून तिने पावतीवरच छापले : विसार आगाऊ, बाकी रोपे उचलताना रोख.

प्रत्यक्षात काय घडले?

सप्टेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात डोळे लावले. २५,०००पैकी १९,६०० रोपे चांगली निघाली. उगवण ७८ टक्के. दोन गिऱ्हाइकांनी ठरल्या तारखेला रोपे नेली व रोख पैसे दिले. तिसऱ्याच्या एक एकर रानात परतीच्या पावसाचे पाणी साचून वाफसा येईना. तो बारा दिवस उशिरा आला. तोपर्यंत ट्रेमध्ये मुळ्या गुंडाळल्या गेल्या, पाने पिवळी पडली, आणि ६०० रोपे टाकून द्यावी लागली.

१९,००० रोपांचे ४७,५०० रुपये आले. खर्च ४४,००० वजा जाता नफा साडेतीन हजार रुपये.

साडेतीन हजार ऐकून पुष्कळजण हसतील. वडीलही आधी हसले. परंतु देखरेखीचे जे सहा हजार खर्चात धरले होते, ते मुलीने व आईने स्वतः काम करून घरातच ठेवले. म्हणजे सहा आठवड्यांत साडेनऊ हजार रुपये घरी राहिले. मांडव उभा आहे, ट्रे शिल्लक आहेत, डोक्यावर एक रुपयाचे कर्ज नाही. आणि मोठ्या बेतात तेवढ्याच गिऱ्हाइकांवर साडेतीन हजारांचा नफा एका महिन्याच्या व्याजालासुद्धा पुरला नसता.

शिवाय सहाशे रोपांनी एक धडा दिला, तो कोणत्याही परिषदेत मिळाला नसता. रोप हा दुधासारखा नाशवंत माल आहे. गिऱ्हाईक उशिरा आले तर कुणाचे नुकसान, हे आधी ठरले पाहिजे. पुढच्या खेपेपासून तिने पावतीवर रोपे उचलण्याची तारीख घातली. आठ दिवसांच्या पुढे जोखीम गिऱ्हाइकाची. आणि डोळे एकदम न लावता दहा-दहा दिवसांच्या अंतराने दोन हप्त्यांत लावायचे ठरवले.

ही गोष्ट नवी नाही

पहिल्या गिऱ्हाइकाचा प्रश्न आजच्या मुलांपुढेच आहे असे नाही. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १९०३ साली बेळगावात लोखंडी नांगर तयार केला. लोखंडाने जमीन विषारी होते असा त्या काळी शेतकऱ्यांचा समज होता. पहिला नांगर विकायला सुमारे दोन वर्षे गेली. नांगर चांगला होता, पण शेतकऱ्याच्या मनात तो उतरला नव्हता. गिऱ्हाईक पटल्यावर मग १९१० साली औंध संस्थानच्या माळावर किर्लोस्करवाडी उभी राहिली. आधी गिऱ्हाईक, मग कारखाना.

आपल्या सहकाराचेही तसेच. पद्मश्री विठ्ठलराव विखे पाटील यांनी लोणी परिसरात गावोगाव फिरून शेतकऱ्यांकडून भागभांडवल जमवले. धनंजयराव गाडगीळांसारखा अर्थशास्त्रज्ञ हिशेबाला पाठीशी होता. १९५०-५१ च्या हंगामात प्रवरेचा कारखाना सुरू झाला. तेथे भाग घेणारा शेतकरी हाच ऊस घालणारा होता. म्हणजे चरक फिरण्याआधी ऊस कुणाचा येणार, हे ठरलेले होते. आपण सर्व सभासद या अर्थाने उद्योजकच आहोत. हा शब्द केवळ शहरातल्या लोकांचा आहे असे मानण्याचे कारण नाही.

मदत कोठे मिळते?

१९८८ साली स्थापन झालेल्या महाराष्ट्र उद्योजकता विकास केंद्रामार्फत जिल्ह्याजिल्ह्यांत उद्योजकतेची प्रशिक्षणे होतात. कृषी पदवी व पदविकाधारकांसाठी २००२ साली केंद्र सरकारने कृषी चिकित्सालय व कृषी व्यवसाय केंद्र योजना सुरू केली. मांजरी येथे १९७५ साली स्थापन झालेली वसंतदादा शुगर इन्स्टिट्यूट आणि पाडेगावचे ऊस संशोधन केंद्र यांच्याकडून ऊस बेणे व रोपांविषयी शास्त्रीय माहिती मिळते. रोपवाटिकेला लागणारी नोंदणी व परवानगी यांची चौकशी कृषी खात्याकडे आधीच करावी.

एक सूचना. अनुदानाच्या भरवशावर धंद्याचा बेत करू नये. कर्जाशी निगडित अनुदान बहुधा मागाहून खात्यावर लागते. तोपर्यंत भांडवल आपलेच अडकते. अनुदान नसतानाही जो धंदा उभा राहू शकतो, त्यालाच अनुदानाचा खरा फायदा होतो.

सही करण्यापूर्वी सहा प्रश्न

रोपवाटिका असो, गुळाची पावडर असो, दुधाचा जोडधंदा असो की ट्रॅक्टर भाड्याने देण्याचा. मुलांनी खालील सहा प्रश्नांची उत्तरे एका वहीत लिहावीत, आणि ती वाचल्याखेरीज वडिलांनी कर्जाच्या कागदावर सही करू नये.

१) पहिले गिऱ्हाईक कोण? नाव, गाव, किती माल, कोणत्या तारखेला, काय दराने.
२) त्याने विसार दिला काय? तोंडी 'हो' मोजू नये.
३) किती माल विकल्यावर खर्च निघतो? त्यात घरची मजुरी व वस्तूंची झीज धरली काय?
४) पैसे हातात कधी येणार? तोपर्यंतचा खर्च कोठून भागवणार?
५) माल किती दिवस टिकतो? गिऱ्हाईक उशिरा आले तर नुकसान कुणाचे?
६) सगळे बुडाले तर काय जाईल? एका हंगामाचे ऊसबिल जाईल इतपत ठीक. जमीन जाईल असा बेत पहिल्या खेपेला करू नये.

परिषदेला मुलांना जरूर पाठवावे. एस.टी.चे भाडे नि दोन दिवसांचा खर्च फार नाही. हॉलमध्ये बसून, चार अनोळखी मुलांशी बोलून, अवघड प्रश्न अंगावर घेऊन मूल पुष्कळ शिकते. मुलींनाही पाठवावे, हे वेगळे सांगायला नको. पण परत आल्यावर त्यांना 'किती पैसे मिळाले?' असे विचारू नये. 'कोणता प्रश्न घेऊन आलास?' असे विचारावे.

येत्या आडसाली लागणीसाठी रोपवाटिका काढू इच्छिणाऱ्या सभासदांच्या मुला-मुलींनी आपली वही घेऊन गट ऑफिसात यावे. आडसाली लागण १५ जुलैपासून १५ ऑगस्टपर्यंत होते, म्हणजे डोळे जूनच्या पहिल्या आठवड्यात ट्रेमध्ये गेले पाहिजेत, आणि गिऱ्हाइकांचा विसार त्याआधी वहीत आला पाहिजे. उलट्या बाजूने दिवस मोजा, म्हणजे कामाला आजच लागावे लागेल हे लक्षात येईल. हिशेब मांडायला शेतकी विभाग आपल्याबरोबर बसेल.

– ऊस विकास अधिकारी